तेहतीस तासांचं अंडं

हुक्केरीबाईंना मी घाबरत असे, आणि हे कबूल करायला मला आजही लाज वाटत नाही, कारण आमच्या कॉलेजात त्यांना न घाबरणारा माणूस मी पाहिला नाही. प्राचार्य घाबरत, परगावाहून येणारे परीक्षक घाबरत, आणि तालमीत घुमून आलेली पेठेतली दांडगी पोरंही प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरताना शर्टाची वरची गुंडी लावून घेत. बाई अंगानं काही मोठ्या नव्हत्या. जेमतेम पाच फूट उंची, सुती इरकली पातळ, जाड काड्यांचा चष्मा आणि गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. मी हुपरीचा. आमच्या घरात तीन पिढ्या पैंजणं घडतात, त्यामुळं आम्ही आधी चांदी बघतो आणि मग माणूस. ती डबी जुन्या, जाड पत्र्याची होती आणि एका बाजूला चेपलेली होती. कशानं चेपली ते विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

मी त्र्याण्णव साली त्यांच्या हाताखाली लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, की कोंबडीच्या अंड्यात पिल्लाचा मेंदू कसा तयार होतो ते सांगा. मी एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवून आलेला माणूस. घडाघडा सांगून टाकलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "बघितलंय की वाचलंय?"

मी वाचलं होतं. बाईंनी त्याच पावली मला खुर्चीवरून उठवलं आणि सूक्ष्मदर्शकापाशी नेऊन बसवलं. पुढं कळलं, की हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारत. विद्यार्थ्यांना, सहकाऱ्यांना, लायब्ररीत बसून नोट्स काढणाऱ्या मुलींना, एकदा तर कॉलेजच्या समारंभाला आलेल्या पाहुण्या वक्त्यालासुद्धा.

त्यांचा विषय भ्रूणशास्त्र, आणि त्यातही एका गोष्टीवर त्यांचा जीव. पाठीला कणा असलेल्या प्राण्यांची मज्जासंस्था, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू, गर्भात कशी घडते. बेडूक असो, कोंबडी असो की आपण असो, रीत एकच. गर्भाच्या पाठीवर आधी पेशींचा एक सपाट पट्टा जाड होतो. त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, मध्ये खोलगट जागा होते. मग त्या कडा एकमेकींकडं झुकतात, चिकटतात आणि आत बंद नळी तयार होते. नळीचं वरचं टोक फुगून मेंदू होतो, बाकीचा मज्जारज्जू. पुस्तकात याला पाच पानं आणि पंचवीस इंग्रजी शब्द. बाई तीन शब्दांत सांगत. आधी पाट, मग पन्हळ, मग नळी. सांगताना त्या स्वतःचा पदर टेबलावर पसरत, दोन्ही काठ उचलत आणि करंजीच्या कडा दाबाव्यात तशा चिमटीनं मिटवत जात. मधून सुरुवात करायची आणि दोन्ही टोकांकडं जायचं, कारण कोंबडीच्या पिल्लात ती तशीच मिटते. पदराचं शेवटचं टोक त्या मुद्दाम उघडं ठेवत आणि सांगत, की हे मिटलं नाही तर जन्मभराचं दुखणं.

हे सगळं अंड्यात दोन दिवसांच्या आत होतं. चोवीस तासांचं अंडं फोडलं तर पन्हळ दिसते. तेहतीस तासांच्या अंड्यात डोक्याकडची नळी मिटलेली आणि खालचं टोक अजून उघडं. अठ्ठेचाळीस तासांना सगळं बंद. त्यामुळं बाईंची सगळी कामं तासांवर चालत. एका वर्षी फुटबॉलच्या फायनलसाठी अख्ख्या वर्गानं प्रॅक्टिकलला दांडी मारायचं ठरवलं आणि परवानगी मागायला दोघं आले. कोल्हापुरात फुटबॉलपुढं लग्नाच्या तारखाही हलतात, तेव्हा पोरांना वाटलं बाईही हलतील. बाई म्हणाल्या, "तुमची मॅच नव्वद मिनिटांची. माझं अंडं तेहतीस तासांचं हाय. ते हाफटाइम घेत न्हाय." पोरं आली. मॅच संपता संपता बाईंनी त्यांना स्वतःहून सोडलं, तेवढंच.

बाईंचं घर शैव, कडक शाकाहारी. गडहिंग्लजकडचं, कापडाच्या व्यापारातलं, घरात निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी. अशा घरात अंडं हा शब्दसुद्धा जेवताना काढायचा नाही. आणि बाई आठवड्याला तीन डझन अंडी फोडायच्या. सुरुवातीला म्हणे त्यांची आई, जिला त्या अव्वा म्हणत, कॉलेजातून आल्यावर त्यांना मागच्या दारानं आत घेई आणि आधी डोक्यावरून पाणी घ्यायला लावी. आठ दिवस बाईंनी ते ऐकलं. नवव्या दिवशी पुढच्या दारानं आत आल्या आणि सोप्यात बसून चहा मागितला. अव्वा दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी चहा दिला. नातेवाईक एवढे सोपे नव्हते. एका लग्नात बाई पंगतीत वाढायला उठल्या तर मावशीनं पानावर हात आडवा धरला, की गळ्यात लिंग आणि हातात अंडं, आम्हाला नको तुझ्या हातचं. बाईंनी भांडं खाली ठेवलं आणि भर मांडवात सांगितलं, की मी खात न्हाय, बघतो. देवानं आत काय चालवलंय ते बघायला पाप लागत असंल तर डोळं कशाला दिलं. मग त्या त्याच पंगतीत, मावशीच्या शेजारी पान मांडून जेवल्या. हे सगळं त्यांनीच मला सांगितलेलं, आणि सांगताना मावशीची नक्कलही करून दाखवलेली. आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी 'करतो, जातो' असंच बोलतात, बाईही तशाच बोलत, आणि त्यांच्या तोंडी ते फार शोभे.

परीक्षेतला एक किस्सा मात्र मी स्वतः पाहिला. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी अंडी उबवायच्या पेटीचा थर्मोस्टॅट बिघडला आणि पेटी रात्रभर जास्त तापली. सकाळी अंडी फोडली तर आत गर्भ होते, पण बिघडलेले. कुणाचं डोकं मिटलेलंच नाही, कुणाच्या नळीला मध्येच भोक. परीक्षक म्हणाले, टाकून द्या, तयार स्लाइड काढा. मलाही ते पटलं होतं. बाईंनी ऐकलं नाही. पुस्तकातलं पिल्लू सगळेच काढतात, आज समोर आहे ते काढा, असं त्यांनी पोरांना बजावलं. पोरांनी काढलं. परीक्षक आकृत्या पुस्तकाशी ताडून एकेकाला भोपळा द्यायला लागले. बाईंनी त्यांच्या हातातली लाल पेन्सिल काढून घेतली, अक्षरशः काढून घेतली, आणि सूक्ष्मदर्शक त्यांच्या पुढ्यात सरकवला. "साहेब, मान खाली घाला आनि मग मार्क द्या." साहेबांनी मान घातली. चांगला पाऊण तास घातली. त्या वर्षी आमच्या मुलांना कधी नव्हे एवढे मार्क पडले आणि ते परीक्षक पुन्हा आमच्या कॉलेजकडं फिरकले नाहीत.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते सांगतो.

आमच्या प्रयोगशाळेत शंकरमामा म्हणून अटेंडंट होते. शिवाजी पेठेत दोन खोल्यांत राहत. पंचवीस वर्षं त्यांनी एकच काम चोख केलं. उबवणी केंद्रातून फलित अंडी आणायची, डब्यात कोंडा घालून, सायकलच्या हँडलला अडकवून, एकही हिसका न देता. पेटीत ठेवताना प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं वेळ लिहायची. काढायची वेळ झाली की मिठाच्या कोमट पाण्यात अंडं फोडायचं आणि बलकावरचा तो नखाएवढा पांढरा ठिपका कात्रीनं गोल कापून काचेवर घ्यायचा. हे काम भल्याभल्या लेक्चररना जमत नसे. माझ्या हातून दहातली सहा फाटत. मामांच्या हातून एकही नाही.

नव्व्याण्णव सालच्या नोव्हेंबरात मामा चार दिवस आले नाहीत. त्यांची सून सुरेखा बाळंत झाल्याचं कळलं होतं, तेव्हा पेढे घेऊन येतील असं आम्हाला वाटलं. पाचव्या दिवशी आले ते मान खाली घालून. बाईंनी विचारलं तेव्हा हळूहळू एकेक सांगितलं. नात झाली होती. तिच्या कमरेच्या वर, पाठीवर लिंबाएवढी गाठ होती, वर पातळ कातडं, आत पाणी. पाय हलत नव्हते. डॉक्टरांनी मिरजेला नेऊन ताबडतोब ऑपरेशन करायला सांगितलं होतं. पण घरात ठरलं होतं, की आता त्यात हात घालायचा नाही. सुरेखाला पोरीसकट माहेरी धाडायचं, पोर जगलं तर जगलं. कारण दोष तिचा होता. ऑगस्टात ग्रहण लागलं, तेव्हा ती सहा महिन्यांची पोटुशी. तिचा नवरा विलास कागलच्या एमआयडीसीत कामाला, संध्याकाळी पाळीवर निघताना त्याच्या शर्टाची गुंडी तुटली. हिनं ती लावून दिली आणि दोरा दातानं तोडला. ग्रहणात गरोदर बाईनं सुई धरायची नाही, काही तोडायचं नाही, हे सगळ्या पेठेला माहीत. हिनं तोडलं, आणि म्हणून पोरीची पाठ उघडी राहिली.

मामा हे रडत सांगत नव्हते. मागच्या आठवड्यात काचेच्या बश्या फुटल्या हे जसं सांगितलं असतं तसं सांगत होते. 

मी बाईंना बाजूला घेऊन म्हणालो, की घरचा मामला आहे, आपण पडू नये. बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी बाजूला सरकलो. मला वाटलं, आता मामांची धडगत नाही. पण बाई ओरडल्या नाहीत. त्या दिवशी बी.एस्सी.च्या मुलांसाठी पेटीत अंडी होतीच. त्यांनी मामांना तेहतीस तासांचं एक आणि अठ्ठेचाळीस तासांचं एक काढायला सांगितलं. मामांनी पेन्सिलीच्या खुणा बघून अंडी निवडली, फोडली, गर्भ कापून काचेवर घेतले. हात नेहमीसारखेच स्थिर. काच नेहमीप्रमाणं बाईंपुढं ठेवून ते मागं सरकले.

बाई उठल्या आणि आपलं स्टूल मोकळं केलं. "बसा मामा. बघा."

मामा बसेनात. पंचवीस वर्षांत त्या स्टुलावर ते कधी बसले नव्हते. हजारो अंड्यांवर वेळ लिहिली होती, हजारो गर्भ उचलून काचेवर ठेवले होते, पण आत काय दिसतं ते बघायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी नाही, माझ्या आधीच्यांनी नाही, आणि बाईंनीही नाही. ते त्याच क्षणी आम्हा दोघांच्याही लक्षात आलं. बाईंचा चेहरा उतरलेला मी त्या एकाच वेळी पाहिला. त्या म्हणाल्या, "माझी चूक हाय मामा. सगळ्या गावाला विचारत सुटलो, तुमाला कधी विचारलं न्हाय. बसा आता."

मामा बसले. एक डोळा मिटायचा की दोन्ही उघडे ठेवायचे इथपासून सुरुवात. मग त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हे, की मधी हलतंय ते काय. ते काळीज होतं, नुकतंच धडधडायला लागलेलं. मामांनी भिंगावरून डोळा काढला, आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा लावला.

पुढं बाई विचारत गेल्या आणि मामा सांगत गेले. तेहतीसच्यात पाठीवरची नळी वर मिटलीय, खाली उघडी हाय. अठ्ठेचाळीसच्यात सगळी मिटलीय. मग बाईंनी सांगितलं, की कोंबडीला एकवीस दिवस लागतात, माणसाला नऊ महिने, पण पाठ मिटायची रीत हीच. माणसाच्या पोटात ती मूल राहिल्यापासून चौथा आठवडा संपेस्तोवर मिटते. मिटली तर मिटली, नाहीतर तशीच राहते. पुढं आठ महिने कुणी काही केलं तरी मिटलेली उघडत न्हाय.

एवढं सांगून त्या थांबल्या. उत्तर त्यांनी सांगितलं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढून मामांच्या पुढ्यात टाकलं.

ज्या माणसानं आयुष्यभर तास मोजले त्याला आठवडे मोजायला कितीसा वेळ लागणार? मामांनी खिशातली तीच पेन्सिल काढली, नोव्हेंबरपासून मागं पानं उलटत गेले. नऊ महिने मागं, मग तिथून चार आठवडे पुढं. पेन्सिल पाडव्यापाशी येऊन थांबली. "पाडव्याला तर आमाला कुनालाच म्हाईत न्हवतं," मामा म्हणाले. "तिलाबी न्हवतं. गुढीची काठी तिनंच बांधलीती." मग त्यांनी ऑगस्टचं पान उघडलं, अमावस्येवर बोट ठेवलं, आणि म्हणाले, "गिरान लागलं तवा तिची पाठ कवाच तशी झालती की."

तो दिवस तिथं संपला असता तर मी हे लिहिलं नसतं. बाई म्हणाल्या, चला. कुठं, ते विचारायची गरज नव्हती. त्यांच्या ल्यूनावर मामा बसणं शक्य नव्हतं, म्हणून मामा माझ्या स्कूटरवर मागं आणि बाई आपल्या गाडीवर पुढं, असे आम्ही शिवाजी पेठेत गेलो. दारात चपलांचा ढीग, आत दोन-चार शेजारणी. सुरेखा कोपऱ्यात पोरीला घेऊन बसली होती. एकवीस-बावीस वर्षांची पोर. तिच्या शेजारी माहेरी न्यायची पिशवी भरलेली. मी उंबऱ्याच्या अलीकडंच थांबलो, पायात बूट तसेच.

मामांनी आपल्या बायकोला समजावायचा प्रयत्न केला. मामींनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. त्यांच्या मते नवरा शिकल्यासवरल्यांच्या नादी लागला होता. मग त्यांचा मोर्चा बाईंकडं वळला. अंडी फोडणाऱ्या बाईला ग्रहण आणि विटाळ काय कळणार, असं त्या बोलल्या. बाईंनी ते ऐकून घेतलं, मावशीपेक्षा हे काही वेगळं नव्हतं. पण मग मामी म्हणाल्या, "तुमाला हाय का एक तरी लेकरू?"

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. शेजारणींनी खाली पाहिलं.

"न्हाय," बाई म्हणाल्या. "तुमाला हाय, आनि तुमी टाकताय. मग ही मला द्या. पोरगीबी द्या आनि सूनबी द्या. माझ्या घरात जागा हाय. मिरजेला मी नेतो." आणि त्या खरंच सुरेखापुढं बसल्या आणि हात पुढं केले. "ये तंगी, दे हिकडं." तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. सुरेखाला तो शब्द कळला की नाही मला माहीत नाही, पण तिनं पोर दिलं. बाईंनी ते पालथं, आपल्या हातावर आडवं घेतलं, पाठीला कुठं धक्का लागू न देता. मला तेव्हा कळलं, की ज्या बाईला कधी मूल नव्हतं तिला ते कसं धरायचं हे नेमकं माहीत होतं. मूल नसलेल्या बाईविषयी आपल्या सगळ्यांना वाटतं त्याच्या बरोबर उलट.

शंकरमामा हा मवाळ माणूस. सहा वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. त्या दिवशीही चढला नाही. त्यांनी मुलाकडं पाहिलं आणि म्हणाले, "विलास, गाडी बघ. मिरजेला मी जातो पोरगीला घिऊन." मामी काहीतरी म्हणायला गेल्या तर त्यांनी फक्त हात वर केला. "मी डोळ्यानं बगून आलोय." तासाभरात जीप निघाली. जीपमध्ये सुरेखा, विलास, मामा आणि बाई. मी परत कॉलेजात जाऊन माझी आणि बाईंची, दोन्ही प्रॅक्टिकलं घेतली.

ऑपरेशन झालं. पोर वाचली. पाठ शिवली, पण पायांत जेवढी ताकद यायची तेवढी नाही आली. तिचं नाव अंकिता ठेवलं. सुरेखा माहेरी गेली नाही. पिशवी मिरजेहून परतल्याच्या रात्रीच तिनं सोडली असं मामांनी नंतर सांगितलं. पुढच्या खेपेला, दिवस राहण्याच्या तीन महिने आधीपासून, डॉक्टरांना विचारून बाईंनी तिला पाठ नीट मिटायला मदत करणारी फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करायला लावली आणि तिनं नेमानं घेतली. मुलगा झाला, धडधाकट. मामींनी तेव्हा बाईंच्या घरी पेढे पाठवले. बाईंनी पेढे घेतले, पण मामींशी बोलायला त्यांना आणखी दोन वर्षं लागली. हे त्यांचं चुकलं असं मला वाटतं. पण बाई तशा होत्या.

त्या दिवसानंतर प्रयोगशाळेत दोन नवीन रिवाज पडले. पहिला हा, की वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला पहिली काच आधी शंकरमामा बघणार, मग विद्यार्थी. दुसरा रिवाज जास्त तापदायक होता. शेवटच्या वर्षाच्या मुलींना निरोप देताना बाई फळ्यावर त्या गोळीचं नाव लिहीत आणि सांगत, की लग्न ठरलं की डॉक्टरला विचारून ही सुरू करा, मूल राहिलंय हे कळेस्तोवर पाठ मिटून गेलेली असते. एका पालकानं तक्रार केली, की बिनलग्नाच्या मुलींना हे काय शिकवतात. प्राचार्यांनी बोलावून घेतलं, अभ्यासक्रमात हे कुठं आहे ते दाखवा म्हणाले. बाई म्हणाल्या, अभ्यासक्रमात मज्जासंस्था हाय, ती कोंबडीपाशी थांबत न्हाय. पुढच्या वर्षी त्यांनी मुलग्यांनाही वर्गात थांबवून घेतलं.

दोन हजार चार साली बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला आल्या नाहीत. त्या दिवशी पेटीत अंडी होती, त्या तिकडं गेल्या.

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये एका सकाळी शंकरमामा माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "सर, बाई जिन्यावर बसल्यात." अंकिताला पहिलीत घालायचं होतं. पेठेतल्या एका शाळेनं नाव घ्यायला नकार दिला. पोरगी पायांना लोखंडी कॅलिपर लावून, कुबडी घेऊन चाले, तिला मधल्या सुट्टीत आईची मदत लागे, आणि पहिलीचा वर्ग वरच्या मजल्यावर. मुख्याध्यापकांनी गोडीत सांगितलं होतं, की तुम्हीच बघा, एवढ्या पायऱ्या तिला कशा जमायच्या. आम्ही गेलो तेव्हा बाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एका कडेला बसल्या होत्या, मांडीवर वर्तमानपत्र. पोरं बाजूनं वर-खाली करत होती. त्यांच्याजवळ एका खुर्चीवर अंकिता गणवेश घालून बसलेली, शेजारी सुरेखा.

मुख्याध्यापक हातघाईवर आले होते. बाईंनी त्यांना सांगितलं, "मी कुनाची वाट अडवली न्हाय. अर्धी पायरी मोकळी हाय. हिची वाट कुनी अडवलीय ते तुमी सांगा." पोलिसांना बोलावतो म्हणाले, तर बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, बोलवा, एखादी माझीच विद्यार्थिनी असंल. मी चुकूनही कधी कॉलेजातून रजा न घेणारा माणूस. दहा मिनिटं थांबलो, बाईंना चहा आणून दिला आणि तासाला निघून गेलो.

त्या तीन दिवस बसल्या. चौथ्या दिवशी सकाळी मामा मला घेऊन गेले तेव्हा पहिलीच्या वर्गाचे बाक वरून खाली येत होते. एकेक बाक जिन्याच्या वळणावर अडकायचा आणि बाई बसल्या जागेवरून सांगायच्या, की तिरका धरा, आधी पाय काढा. शेवटचा बाक गेला तरी त्या उठल्या नाहीत. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावून विचारलं, की आता काय राहिलं. पोरगी आत बसू दे, बाई म्हणाल्या. अंकिता उठली. कुबडी, पाय, कुबडी, पाय, असं करत वर्गात गेली. तेवढं अंतर चालायला तिला बराच वेळ लागला आणि तिला हात द्यायला सुरेखा निघाली तर बाईंनी तिचा पदर धरून ठेवला. आतून हजेरीचा आवाज आला. अंकिताच्या नावाला उत्तर आलं, आणि चांगलं ठणठणीत आलं.

मग बाई उठल्या, पातळ झटकलं, आणि मुख्याध्यापकांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "पुढच्या जूनला दुसरीचा वर्ग खाली आनायचाय. आत्तापासनं ध्यानात ठेवा." एवढं बोलून ल्यूना चालू केली आणि गेल्या. आमच्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. बाईंना मी पाहिलं ते त्या वेळी शेवटचं.

पुढच्या मे महिन्यात त्या गडहिंग्लजला भावाकडं गेल्या होत्या, तिथंच वारल्या. मला आठ दिवसांनी कळलं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी कॉलेजात रजेचा अर्ज टाकला आणि शंकरमामांना स्कूटरवर घेऊन शाळेत गेलो. दुसरीचा वर्ग वरच होता. मामांनी तिसरी पायरी हातानं पुसली आणि आम्ही दोघं एका कडेला बसलो, अर्धी पायरी मोकळी ठेवून.